अंगमेहनत हवी, अक्षर नको!

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे आणि पळणाऱ्याला आडवे पाडायचे, असा हा धसमुसळा खेळ. त्यात 'लाइनमन' म्हणजे समोरासमोर रांगेत उभे राहून प्रत्येक डावाला एकमेकांवर आदळणारे धिप्पाड गडी. चेंडू त्यांच्या हाती क्वचितच येतो. मार मात्र चुकत नाही. अशा जागेवर ॲलन पेज हा कृष्णवर्णीय खेळाडू १९६७ ते १९८१ अशी १५ वर्षे उभा राहिला. आधी मिनेसोटा व्हायकिंग्ज आणि मग शिकागो बेअर्स या संघांकडून तो सलग २१८ सामने खेळला. एकही सामना चुकविला नाही. १९७१ मध्ये त्याला वर्षातील सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचा मान मिळाला. बचावफळीतील खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

क्रीडाशौकिनांनी या टणक देहाचे कौतुक केले, ते रास्तच आहे. पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. व्हायकिंग्जच्या एका बैठकीत प्रशिक्षकाने बचावफळीतील खेळाडूंना डावांची वही मोठ्याने वाचायला सांगितली. त्यांतील काहींना ती वाचताच येईना! हे शाळेचे तोंड न पाहिलेले लोक नव्हते. शाळा आणि महाविद्यालये पार करून ते तिथवर आले होते. त्यांच्या खांद्यांच्या बळावर संस्थांनी सामने जिंकले, तिकिटे विकली; पण वाचता येते की नाही, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. १९८८ मध्ये पेज यांचा 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला, तेव्हा त्यांनी खेळाच्या बढाया न मारता हीच हकिकत सांगितली. आपली ओळख करून देण्यासाठी त्यांनी प्रशिक्षकाला नव्हे, तर मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलाविले होते. पेज यांचे गाव कँटन, आणि हा हॉलही तिथलाच. त्याच्या बांधकामावर त्यांनी कोवळ्या वयात काम केले होते. ज्या इमारतीसाठी घाम गाळला, तिथेच मानाने उभे राहून त्यांनी व्यवस्थेला आरसा दाखविला.

कोणी म्हणेल, याच खेळाने गरिबांच्या पोरांना पैसा दिला, नाव दिले. दिले, हे आम्ही नाकारत नाही. पण गुडघे थकल्यावर काय? १९७८ मध्ये व्हायकिंग्जने खुद्द पेज यांनाच संघातून काढून टाकले. मात्र त्याच वर्षी त्यांच्या हाती मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी होती. १९६७ मध्ये त्यांनी कायद्याचे शिक्षण सुरू करून काही आठवड्यांतच सोडले होते. नंतर खेळता खेळताच पुन्हा प्रवेश घेऊन ते पुरे केले. ज्यांना वही वाचता येत नव्हती, त्यांच्या हाती काय होते?

पुढची लढाई न्यायालयातली. १९९२ मध्ये पेज यांना मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातील जागेसाठी निवडणूक लढवायची होती. राज्यपालांनी विद्यमान न्यायमूर्तींना मुदतवाढ देऊन निवडणूकच टाळली. पेज यांनी दाद मागितली. 'पेज विरुद्ध कार्लसन' या खटल्यात मुदतवाढ टिकली नाही, निवडणूक झाली आणि पेज जिंकले. १९९३ मध्ये ते त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले आणि २०१५ मध्ये सत्तराव्या वर्षी निवृत्त झाले. दार बंद दिसले म्हणून ते परत फिरले नाहीत. कायद्याने ते उघडून घेतले.

१९८८ मध्येच पेज दांपत्याने शिक्षणासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी लहान मुलांना शिकविलेच पाहिजे, ही त्याची अट. उपकार नव्हे, ही साखळी आहे. २०१७ मध्ये मिनियापोलिसच्या एका शाळेचे नाव विद्यार्थ्यांच्या मागणीवरून बदलून पेज यांचे देण्यात आले. आधीचे नाव होते ते १८६२ मध्ये डकोटा आदिवासींचा नायनाट करा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकला, असे म्हणणाऱ्या गव्हर्नर रॅम्झीचे!

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून टाकले. म्हणून २०२० मध्ये पेज यांनी नील काश्कारी यांच्यासह मिनेसोटाच्या घटनेत दुरुस्ती सुचविली: दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क असावा. शिक्षक संघटनेने विरोध केला. सरकारची शाळा चालविण्याची जबाबदारी यातून पातळ होईल, अशी तिची भीती. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. पण शाळा काढणे हे सरकारचे कर्तव्य असणे वेगळे आणि शिकणे हा मुलाचा हक्क असणे वेगळे. कर्तव्य चुकले तर सरकार कारणे सांगते; हक्क डावलला तर मूल न्यायालयात उभे राहू शकते.

२१८ सामन्यांचा हिशेब उद्या कोणी ठेवेल, न ठेवेल. पण वही हाती असून वाचता न येणारा तो खेळाडू विसरता कामा नये. माणसाचा देह वापरायचा आणि त्याला अक्षर नाकारायचे, ही गुलामीचीच नवी तऱ्हा आहे. तिच्याविरुद्ध जो उभा राहतो, तोच खरा टिकाऊ!