विश्लेषण : गावात जाऊन श्रेयांक मिळतील, पण गावाला काय मिळेल?

सात दिवसांचे श्रमसंस्कार शिबिर, सकाळची प्रभातफेरी, दुपारी शोषखड्डे, रात्री पथनाट्य. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या तीन-चार पिढ्यांना ‘समाजसेवा’ म्हटले की हेच आठवते. ज्यांना आवड असेल ते जायचे, बाकीचे जायचे नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणाने हे चित्र बदलले. समाजात जाऊन केलेले काम आता पदवीच्या गुणपत्रिकेत श्रेयांक म्हणून येते. मुख्य विषयाच्या पेपरप्रमाणेच ते पूर्ण करावे लागते. यातून विद्यार्थी गावाकडे, वस्तीकडे वळतील की केवळ आणखी एक फाइल तयार होईल, हा खरा प्रश्न आहे.

नेमके काय बदलले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सर्व उच्च शिक्षण संस्थांनी समाजाशी जोडणारे, श्रेयांक असलेले अभ्यासक्रम व प्रकल्प सुरू करावेत, असे म्हटले आहे. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा श्रेयांक आराखडा आणला आणि राज्य सरकारने एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने तो महाराष्ट्रासाठी ठरवून दिला. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून तो लागू झाला.

या आराखड्यात एक स्वतंत्र गट आहे. कार्यप्रशिक्षण (ओजेटी), क्षेत्र प्रकल्प, सामुदायिक सहभाग प्रकल्प (सीईपी), सह-अभ्यासक्रम आणि संशोधन प्रकल्प हे त्यात मोडतात. सीईपी साधारण दुसऱ्या वर्षात येतो आणि तो मुख्य विषयाशी निगडित असावा, अशी अपेक्षा आहे. महत्त्व आहे ते या शेवटच्या अटीला. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावात झाडू मारणे हा सीईपी नाही. देवराईतल्या वनस्पतींची गावकऱ्यांसोबत नोंद करणे हा सीईपी होऊ शकतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने बचत गटाची खाती नीट लिहून देणे, अर्थशास्त्राच्या गटाने आठवडी बाजारातल्या भाज्यांच्या भावाचा माग काढणे हेही त्यात बसते.

वेळेचा हिशेबही वेगळा आहे. वर्गातल्या व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, तर क्षेत्रकामाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. दोन श्रेयांकांच्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थ्याचे ६० तास लागतात. उदाहरणादाखल, १२० विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचे मिळून ७,२०० तास होतात. एवढे मनुष्यबळ एखाद्या गावाच्या किंवा प्रभागाच्या वाट्याला खरोखर आले, तर ते थोडेथोडके नाही.

मग राष्ट्रीय सेवा योजना होतीच की...

होती आणि आहे. तिचा इतिहास मात्र सहसा सांगितला जात नाही आणि त्यात एक मराठी माणूस आहे. विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी का, हे ठरवण्यासाठी केंद्राने १९५९ मध्ये समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. कॉलेजात प्रवेश घेण्याआधी प्रत्येकाने नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा करावी, अशी शिफारस या समितीने केली. खर्च आणि अंमलबजावणी या दोन्हींच्या भीतीने ती मागे पडली. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवेचा आग्रह धरला आणि अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सक्ती गळाली, ऐच्छिकता राहिली. दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर, असे तिचे स्वरूप ठरले.

योजनेने बरेच काही दिले. वनराई बंधारे, रक्तदान, पुराच्या वेळची मदत यांत स्वयंसेवकांचा वाटा मोठा आहे. गावाकडच्या अनेक मुलींना घराबाहेर आठवडाभर राहण्याची पहिली संधी या शिबिरानेच दिली. पण तिथले काम आणि वर्गातला अभ्यास यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. रसायनशास्त्राचा विद्यार्थी ज्या विहिरीजवळ श्रमदान करायचा, तिच्या पाण्यात नायट्रेट किती आहे हे तपासण्याची वेळ त्याच्यावर येत नसे.

सेवा आणि शिक्षण यांतला हा सांधा जोडणे म्हणजेच ‘सर्व्हिस लर्निंग’. हा शब्द अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजला. कल्पना आपल्याला नवी नाही. वर्ध्यात १९३७ मध्ये मांडलेली नई तालीम हाताच्या कामातूनच शिक्षण द्यायची होती आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा व शिका’ योजना रयतच्या कॉलेजांत आजही चालते.

इतर देशांत काय होते?

मेक्सिकोत पदवी हाती पडण्याआधी ‘सेर्विसियो सोशियाल’ पूर्ण करावीच लागते. किमान ४८० तास आणि तेही सहा महिने ते दोन वर्षांच्या कालावधीत. तिथल्या खेड्यांतली प्राथमिक आरोग्य सेवा कित्येक दशके अशा शिकाऊ डॉक्टरांच्या खांद्यावर आहे. फिलिपिन्सने २००१ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना लष्करी प्रशिक्षण, साक्षरता किंवा लोककल्याण यांतला एक पर्याय निवडायला लावला.

याच मेक्सिकोत १९६८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवेसाठी आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर भाषण केले. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांचा रोख होता. ज्यांच्यासाठी आलो त्यांची भाषा येत नाही, त्यांनी बोलावलेलेही नाही आणि काम बिघडले तर जबाबदारीही नाही, मग ही सेवा कोणाची, हा त्यांचा आक्षेप. पन्नासहून अधिक वर्षे झाली तरी या विषयावरच्या चर्चेत तो अजून टाळता येत नाही.

महाराष्ट्रात कुठे हे नीट जमले?

दोन परंपरा सांगता येतील. पहिली समाजकार्य महाविद्यालयांची. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेल्या टाटा संस्थेपासून ही पद्धत घडत गेली. आठवड्यातले ठरावीक दिवस विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात किंवा संस्थेत काम करतो, प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहितो आणि शिक्षक त्याच्याशी एकट्याने बसून त्यावर बोलतो. आपण तिथे काय केले, का केले, कुठे चुकलो, हे बोलल्याशिवाय क्षेत्रकार्य पूर्ण होत नाही. नव्या धोरणाने कला-विज्ञान-वाणिज्य कॉलेजांना जे करायला सांगितले आहे, त्याचा अनुभव शेजारच्याच एमएसडब्ल्यू कॉलेजात पडून आहे. तो कोणी मागितल्याचे मात्र फारसे दिसत नाही.

दुसरी परंपरा आयआयटी मुंबईतल्या ‘सितारा’ या केंद्राची. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधण्यासाठी ते १९८५ मध्ये सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्यांनी ठाणे, पालघर, रायगडच्या आदिवासी पट्ट्यात राहून नळपाणी योजनांचा अभ्यास केला. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. हा टँकर का जातो? विहीर कोरडी पडते म्हणून, की पंपाचे वीज बिल थकते म्हणून, की पाइपलाइन चुकीच्या उंचीवरून टाकली म्हणून? हे प्रश्न अभियांत्रिकीचे आहेत आणि पाड्याचेही. विद्यार्थ्याला त्यातून प्रबंध मिळतो आणि पाणीपुरवठा विभागाला आकडे.

याच अनुभवावर राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केले. जिल्हा यंत्रणेने प्रश्न सांगायचा, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने अभ्यास करून अहवाल द्यायचा, अशी ही रचना. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पाच हजारांहून अधिक गावांत राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईने तयार करून दिली. इथे कोणी गाव ‘दत्तक’ घेतले नाही. दत्तक या शब्दातच एक जण पालक आणि दुसरा अनाथ असतो. सरकारी परिपत्रकांतून तो जितक्या लवकर जाईल तितके बरे.

दिल्लीच्या आयआयटीकडे समन्वय असलेल्या केंद्राच्या ‘उन्नत भारत अभियाना’त (२०१४) मात्र संस्थेने किमान पाच गावे निवडायची आणि घरोघरी पाहणी करायची, अशी पद्धत आहे. पाहणी होते. तिचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचले जातात का, तिथे खरी अडचण आहे.

अंमलबजावणी कुठे अडते?

सर्वात आधी शिक्षकांवर. अनेक कॉलेजांत प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत आणि काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालते. त्यांना मानधन मिळते ते वर्गात घेतलेल्या तासाचे. विद्यार्थ्यांना घेऊन तालुक्याच्या टोकाच्या गावी जाणे, सरपंचाला चार वेळा फोन करणे, एसटीची वेळ जमवणे, वीस अहवाल वाचून प्रत्येकाशी बोलणे हे या हिशेबात कुठे बसवायचे? ते बसत नाही तेव्हा सोपा मार्ग निघतो. गुगल फॉर्म, चार छायाचित्रे आणि शेवटी सरपंचाच्या सहीशिक्क्याचे पत्र. नॅकच्या मूल्यांकनात ‘विस्तार’ कार्यासाठी जिओटॅग असलेली छायाचित्रे लागतात. त्यामुळे कार्यक्रम किती झाले याची नोंद चोख असते. कार्यक्रमानंतर काय झाले, यासाठी रकानाच नसतो.

दुसरी अडचण विद्यार्थ्यांची. नोकरी करून शिकणाऱ्या मुलाला ६० तास आणायचे कुठून? प्रवासखर्च कोणी द्यायचा? मुलींच्या घरून अनोळखी गावी जाण्याची परवानगी मिळेलच असे नाही. ऐच्छिक योजनेत या अडचणी असलेला विद्यार्थी गुपचूप बाहेर राहायचा. आता त्याचे श्रेयांक अडकतात.

तिसरी अडचण जास्त खोलवरची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयासाठी दोन श्रेयांकांचा एक नमुना अभ्यासक्रम दिला आहे. एक श्रेयांक वर्गातला, एक क्षेत्रातला. त्याचे चार घटक आहेत : ग्रामीण समाजाची ओळख, स्थानिक अर्थव्यवस्था व उपजीविका, स्थानिक संस्था आणि विकास योजना. अंधेरी किंवा कोथरूडच्या मुलांसाठी हे योग्यच. पण धडगाव, धारणी किंवा भामरागडहून कॉलेजात येणाऱ्या मुलाला ग्रामीण समाजाची ओळख कोण करून देणार? बीडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी ‘उपजीविका’ या घटकात कोणाची मुलाखत घेणार, स्वतःच्या आईची? अभ्यासक्रम गृहीत धरतो की विद्यार्थी बाहेरचा आहे आणि समुदाय म्हणजे दुसरे कोणीतरी. महाराष्ट्रातल्या निम्म्या कॉलेजांच्या दारात उभे राहिले तरी हे गृहीतक टिकत नाही.

खरे तर ही अडचण नव्हे, संधी आहे. ती मुलगी टोळीचा करार, उचल, मुकादमाचा हिशेब हे सारे आतून जाणते. वर्गातले अर्थशास्त्र तिच्या या माहितीला जोडले, तर शिकवणाऱ्यालाही शिकायला मिळेल. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमातून पदवीचे वर्ग थेट गावात नेले. मेंढा-लेखासारख्या, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवलेल्या ग्रामसभा याच जिल्ह्यातल्या. तिथे बांबूचा लिलाव कसा करायचा हे गावाला ठाऊक आहे आणि विद्यापीठाला ते गावाकडून समजून घ्यावे लागते.

गावाची माहिती कोणाची?

याकडे अजून फार कमी लक्ष गेले आहे. घरोघरी पाहणीत उत्पन्न, जात, आजार, शौचालय, कर्ज असे सारे विचारले जाते. ती माहिती विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये, मग शिक्षकाच्या लॅपटॉपवर आणि पुढे कुठे जाते, हे सांगणाऱ्याला कळत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला. संमती घेणे, माहितीचा हेतू सांगणे हे त्याचे मूळ सूत्र आहे. तालुक्याच्या ठिकाणाजवळचे, रस्त्याला लागून असलेले गाव तीन कॉलेजांना सोयीचे असते. म्हणजे तेच प्रश्न तीनदा, आणि दुर्गम पाड्यावर एकदाही कोणी नाही.

काय करता येईल?

मोठ्या निधीशिवाय होण्यासारख्या गोष्टी आहेत. एका तुकडीचे काम पुढच्या तुकडीने पुढे न्यावे. साठ तासांत गावाचा प्रश्न सुटत नाही, पण त्याच विहिरीची पातळी सलग पाच वर्षे मोजली गेली तर ती नोंद भूजल विभागालाही उपयोगी पडेल. प्रश्न कॉलेजने ठरवण्याऐवजी ग्रामपंचायतीने किंवा प्रभागाने यादी द्यावी. अंतिम सादरीकरण वर्गातल्या प्रोजेक्टरवर न होता ग्रामसभेत, मराठीत व्हावे आणि गुणांचा काही भाग तिथल्या लोकांच्या हाती असावा. शहरातल्या कॉलेजने शंभर किलोमीटरवरचे गाव शोधण्यापेक्षा मागच्या गल्लीतला कचरा वेचणाऱ्या महिलांचा गट गाठावा, कारण आयोगाच्या आराखड्यात ‘समुदाय’ म्हणजे फक्त खेडे असे कुठेच म्हटलेले नाही.

शिक्षकांच्या कार्यभारात क्षेत्रकामाचे तास मोजणे मात्र कॉलेजच्या हातात नाही. तो निर्णय राज्य सरकार आणि विद्यापीठांनी घ्यायचा आहे. तो होईपर्यंत हे साठ तास कसे भरायचे, हे प्रत्येक कॉलेज आपापल्या परीने ठरवत राहील.