परकेपणा मनात नाही, पहाऱ्याच्या यादीत आहे

"अध्यात्मात आलात ना? मग मी वेगळी, मी परकी हे आता सोडा." सप्ताहाच्या मंडपात हा उपदेश मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. तो करणाऱ्यांची जागा पहिल्या ओळीत ठरलेली असते आणि ऐकणाऱ्यांची चपलांच्या ढिगाशेजारी. म्हणून स्पष्टच सांगते: एखाद्याला तुमच्यात परकं वाटत असेल, तर त्याच्या मनावर इलाज करायला धावण्याआधी आपल्या मंडपाची मांडणी तपासा.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. रात्रंदिवस ती कुणाच्या तरी गळ्यात असते आणि त्यासाठी पहाऱ्याची यादी लागते. पहारा बदलताना आधीचा विणेकरी पुढच्याच्या गळ्यात वीणा घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वय, पैसा, मान, काही आड येत नाही. वारकरी पंथातली याहून सुंदर गोष्ट मला माहीत नाही. आमच्याकडच्या एका सप्ताहात या यादीत नाव घालावं म्हणून मी विचारलं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, हरिपाठ तोंडपाठ आहे, एकादशी चुकत नाही. आधी आडनाव विचारलं गेलं, मग माहेरचं गाव, मग वस्ती. शेवटी उत्तर आलं, "ताई, बायकांना वीणा देत नाहीत. तुम्ही भाकरीकडे बघा." मी भाकऱ्या थापल्या. पंगत बसली तेव्हा त्या वाढायचं काम मात्र दुसऱ्या घरच्या बायकांकडे गेलं. बाई म्हणून वीणा नाही आणि वस्तीमुळे वाढप नाही. एका दिवसात दोन दारं बंद झाली आणि वर मला सांगण्यात आलं की माझा अहंकार आडवा येतोय.

या सल्ल्याची मला चीड आहे. अपमान करणाऱ्याला कुणी मीपणा सोडायला सांगत नाही. सांगतात ते अपमान झालेल्याला. नामस्मरण वाढवा, श्रद्धा कमी पडतेय, पूर्वसंचित असेल, ही सगळी उत्तरं अन्यायाचं खापर त्याच्याच डोक्यावर फोडतात. आणि माणूस बिचारा खरंच स्वतःत खोट शोधत बसतो.

संत चोखामेळ्यांच्या, आमच्या चोखोबांच्या, भक्तीत काय कमी होतं? तरी जातीमुळे त्यांना पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, बाहेरच आहे. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेलाच अभंगातून जाब विचारला. खोट आपल्यात नसून विटाळ मानणाऱ्यांत आहे, हे त्यांना चौदाव्या शतकात कळलं होतं. आम्ही त्यांचे अभंग कीर्तनात गातो आणि कीर्तन संपलं की पंगतीत जात पाहतो.

पंढरपूरच्या देवळाचं दार अस्पृश्यांसाठी कुणाच्या मनःशांतीने उघडलेलं नाही. त्यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्र पालथा घातला आणि 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस प्राण पणाला लावून उपोषण केलं. तिथल्या बडवे-उत्पात पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क संपायला 2014 साल आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. देवळातला प्रत्येक बदल भांडून मिळाला आहे.

"एवढं खुपतंय तर सोडून जा," असंही मला सुनावतात. ज्यांनी सोडलं त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. पुढे 1948 साली आलेला अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना अर्पण केला. चोखोबांबद्दलचा आदर वेगळा आणि त्यांना बाहेर उभं करणाऱ्यांशी तडजोड वेगळी, हे बाबासाहेबांनी आचरणातून दाखवलं. मी राहिले, कारण विठ्ठल माझा आहे. तो मला कुठल्या कमिटीने दिलेला नाही, त्यामुळे कमिटीला तो काढूनही घेता येणार नाही.

माझा परकेपणा कमी झाला तो ध्यानाने नव्हे. माझ्यासारख्या इतर बायका भेटल्या, आम्ही आमची भजनी मंडळी उभी केली, वीणा आळीपाळीने घेतली, तेव्हा तो कमी झाला. तेव्हा मंडपाच्या कडेला अंग चोरून बसलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: स्वतःत दोष शोधणं आज थांबवा. एकट्याने कुढू नका, आपल्यासारखा दुसरा शोधा आणि दोघं मिळून यादीत नाव मागा. नकार मिळाला तर कारण चारचौघांत विचारा. लपून दिलेला नकार चारचौघांत देताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

आणि सप्ताह कमिट्यांनो, तुमच्याकडून मला गोड बोलणं नको आहे. पहाऱ्याची यादी चिठ्ठ्या टाकून करा आणि बायकांची नावं तिच्यात घाला. वाढपाला सगळ्या वस्त्यांतले हात घ्या. कमिटीत गावकुसाबाहेरची माणसं बसवा आणि हिशेबाची वही त्यांच्या हातात द्या. एवढं पुढच्या सप्ताहाच्या आत करता येतं, त्याला साक्षात्कार लागत नाही. हे करणार नसाल, तर निदान समतेवर कीर्तन ठेवू नका.