तलावात उतरण्यापूर्वी

पोहता येणे निराळे आणि शर्यतीत पोहणे निराळे. रोज संध्याकाळी तलावात माशासारखा सुळसुळणारा मुलगा स्पर्धेच्या दिवशी निम्म्यातच दमतो, नाही तर पहिला येऊनही बाद ठरतो. मग घरी ‘नशीब नव्हते’ म्हणून समजूत घातली जाते. पण बहुतेक वेळा दोष नशिबाचा नसतो, तयारीचा असतो; आणि त्यातली बरीचशी तयारी पाण्याबाहेर करण्याजोगी आहे.

पहिली गोष्ट शेवटच्या आठवड्याची. परीक्षेच्या आदल्या रात्री सारे पुस्तक वाचून काढणारे विद्यार्थी असतात, तसे स्पर्धेच्या तोंडावर जास्तीचा सराव करणारे पोहणारेही असतात. या आठवड्यात नवी ताकद येत नाही. झालेल्या सरावाचा थकवा तेवढा उतरवायचा असतो. म्हणून प्रशिक्षकांच्या सल्ल्याने अंतर कमी करावे, थोड्या वेगवान फेऱ्या ठेवाव्यात आणि उडी, वळण व शेवटचा स्पर्श यांवर भर द्यावा. झोप मात्र पोटभर हवी.

दुसरी गोष्ट नियमांची. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक वळणाला व शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागले पाहिजेत. एका हाताने स्पर्श झाला की महिनोन्‌महिन्यांची मेहनत पाण्यात! इशाऱ्याआधी सुटणाऱ्यालाही आता दुसरी संधी मिळत नाही. आखूड शिट्ट्या झाल्या की तयार व्हायचे, लांब शिट्टी झाली की चौथऱ्यावर चढायचे (बॅकस्ट्रोकला पाण्यात उतरायचे), सूचना मिळताच पवित्रा घेऊन स्तब्ध राहायचे आणि इशारा झाल्यावरच सुटायचे. हा क्रम सरावातच इतका अंगवळणी पडावा, की त्या दिवशी विचार करावा लागू नये.

स्पर्धेचा तलाव परका असतो. तो २५ मीटरचा की ५० मीटरचा, हे आधीच विचारून घ्यावे. वळणांची संख्या त्यावर ठरते. बॅकस्ट्रोकवाल्यांसाठी भिंतीपासून ५ मीटरवर पताका लावलेल्या असतात. पताका दिसल्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात, ते अंग मोकळे करतानाच मोजून ठेवावे, म्हणजे डोके आपटण्याची भीती राहत नाही.

ही मोजणी किती कामाची, ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दिसले. २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि त्याला भिंत दिसेना. तो आपले हात मोजत पोहत राहिला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेऊन बाहेर आला. त्याच ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने मिलोराद चाविचला सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे टाकले. चाविच भिंतीकडे तरंगत गेला, फेल्प्सने आणखी अर्धा हात मारला. भिंतीला हात लागेपर्यंत शर्यत संपत नाही, हे मुलांना यापेक्षा चांगले कसे सांगणार?

पिशवी आदल्या रात्रीच भरावी. गॉगल दोन, टोप्या दोन, पंचे दोन, जादा पोशाख, चपला, अंगभर गरम कपडे, पाण्याची बाटली आणि वयाचा दाखला. नवा कोरा गॉगल स्पर्धेच्या दिवशी प्रथमच घालू नये. आपली शर्यत, हीट आणि लेन यांचे आकडे शाईने हातावर लिहून ठेवावेत. गोंगाटात नाव पुकारलेले ऐकू येत नाही. दोन शर्यतींच्या मध्ये ओल्या अंगाने हिंडू देऊ नये.

आता आहार. चकली, चिवडा, करंजी हे सारे स्पर्धा संपेपर्यंत डब्यातच राहू द्यावे. तळलेले अन्न पोटात जड होऊन बसते. शर्यतीआधी दोन-तीन तास उपमा, पोहे किंवा वरणभात असे रोजच्या सवयीचे साधे खाणे द्यावे. मधल्या वेळी केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू पुरे. पाण्यात असल्याने घाम दिसत नाही, पण तो येतो. तेव्हा घोट घोट पाणी पाजत राहावे.

शेवटचे सांगणे पालकांना. मुलगा असो वा मुलगी, पाण्यातून बाहेर येताच ‘कितवा नंबर?’ हा प्रश्न नको. खांद्यावर पंचा टाकावा आणि आधी दम खाऊ द्यावा. शेजारच्या लेनमधल्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. कोणाची उंची बाराव्या वर्षी वाढते, कोणाची पंधराव्या. आज मागे असलेला उद्या पुढे जातो, पण तोवर तो तलावावर टिकला पाहिजे. घरच्यांच्या रागाला कंटाळून पोहणे सोडलेले मूल कोणत्याही पदकाने परत येत नाही. एका वहीत तारीख, अंतर आणि वेळ लिहून ठेवावी व मागच्या वेळेशीच ताडून पाहावी. अर्धा सेकंद कमी झाला असेल, तर नंबर कितवाही येवो, त्या दिवशी करंजीचा डबा खुशाल उघडावा.