लग्न झालं की जातील

माझ्या चेहऱ्यावर पहिला मुरूम आला तेव्हा मी नववीत होतो. सगळ्यात अलीकडचा गेल्या महिन्यात आला. मधल्या चौदा वर्षांपैकी पहिली दहा वर्षं मी उपाय केले आणि नंतरची चार वर्षं औषध लावलं. हा लेख त्या पहिल्या दहा वर्षांच्या रागातून लिहितोय, तेव्हा समतोल वगैरेची अपेक्षा ठेवू नका.

उपायांची यादी तुम्हालाही पाठ असेल. आजीने सहाणेवर दुधात जायफळ उगाळून लावलं. आईने मसुरीचं पीठ लावलं, मुलतानी माती लावली, रात्री त्रिफळा दिला. शेजारच्या काकूंनी 'उष्णता' असं निदान केलं, म्हणून सब्जा. होस्टेलवर रूममेटने टूथपेस्ट लावायला शिकवलं. थर्ड इयरला एका व्हिडिओत बघून मी गालावर अर्धं लिंबू चोळलं आणि त्यावर खाण्याचा सोडा. त्वचेचा पीएच साधारण पाच, लिंबाचा दोनच्या आसपास, सोड्याचा आठच्या वर. बारावीला केमिस्ट्री करून आलेल्या मुलाला एवढं कळायला हवं होतं. पण आरशासमोर उभं राहिलं की मार्कशीट उपयोगी पडत नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ते वाक्य: "वयाचे आहेत रे, लग्न झालं की जातील." हे म्हणताना माणसं किंचित हसतात. त्या हसण्यात सगळं निदान आलं. अंगात काहीतरी साठलंय, त्याला वाट मिळाली की चेहरा साफ होणार. म्हणजे आजार नाहीच, एक प्रकारची चहाडी आहे, तुमचं शरीर तुमच्याबद्दल करतंय ती. सोळाव्या वर्षी मी हे ऐकून मान खाली घालायचो. लग्न होऊन दोन मुलं झालेल्या, पस्तिशीतल्या आणि हनुवटीवर मुरूम असलेल्या बायका माझ्याच ओळखीत चार आहेत. त्यांना आता काय सांगतात, ते त्यांनाच विचारा.

या लाडिक थट्टेची किंमत काय, ते सांगतो. माझ्या दोन्ही गालांवर खड्डे आहेत. ते सतराव्या ते तेविसाव्या वर्षांत पडले आणि आता कुठलीही ट्यूब ते भरून काढणार नाही. मुरूम म्हणजे 'दिसण्याचं' असं म्हणणाऱ्यांना मी हे खड्डे दाखवतो. त्वचेला कायमची इजा करणाऱ्या दुसऱ्या कुठल्या आजाराला आपण दहा वर्षं सब्जा पाजतो? आणि औषध नव्हतं अशातलाही भाग नाही. ट्रेटिनॉइन अमेरिकेत १९७१ पासून मिळतंय, ॲडापलीन १९९६ पासून. म्हणजे मला ज्याने बरं वाटलं ते औषध माझ्या जन्माआधी बाजारात आलेलं होतं.

ही औषधं करतात काय? केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथल्या छिद्राच्या आतल्या पेशी सतत झडून तेलाबरोबर बाहेर येत असतात. मुरूम येणाऱ्या त्वचेत त्या सुट्या न होता एकमेकींना चिकटतात आणि छिद्राला बूच बसतं. मागे तेल तुंबतं, त्यात जीवाणू वाढतात, मग सूज, पू आणि आपण. हे बूच डोळ्याला दिसण्याच्या कितीतरी आधी बसलेलं असतं. रेटिनॉइड हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं रसायन पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरांवर काम करतं आणि पेशी झडण्याची रीत ताळ्यावर आणतं, म्हणजे बूच बसूच देत नाही. त्यामुळे ते आलेल्या मुरमावर टिकलीसारखं लावायचं नसतं, न आलेल्या मुरमांसाठी सगळ्या चेहऱ्यावर लावायचं असतं. आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

बारा आठवडे. इथेच आपलं फिसकटतं.

मला पहिल्यांदा ॲडापलीन मिळालं ते तेविसाव्या वर्षी, पुण्यात. स्किनच्या डॉक्टरांकडे पाऊण तास बसल्यावर आत दोन मिनिटं मिळाली. डॉक्टरांनी मान वर न करता लिहिलं आणि म्हणाले, "रात्री लावा." मी रात्री लावलं. तोंड धुऊन, ओल्या चेहऱ्यावर, कोल्ड क्रीमसारखं बचकभर. चौथ्या दिवशी नाकाच्या कडेची सालं निघायला लागली. आठवड्याने दाढी करताना डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्या आठवड्यात मुरूम आधीपेक्षा जास्त झाले. आई फोनवर म्हणाली, "केमिकल आहे ते, तुला सूट होत नाहीये." मी ट्यूब कचऱ्यात टाकली आणि आणखी एक वर्ष आणि बहुधा आणखी चार खड्डे कमावले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनीही तेच औषध लिहिलं. फक्त त्या बोलल्या. अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं घ्यायचं. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. डोळ्यांच्या, नाकाच्या आणि ओठांच्या कडा सोडायच्या. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड, वरून साधं मॉइश्चरायझर. सुरुवातीला मुरूम वाढल्यासारखे वाटतील, ते आधीच आत बसलेले असतात, घाबरून बंद करायचं नाही. सकाळी सनस्क्रीन, कारण आपल्यासारख्या सावळ्या कातडीला जरा जळजळ झाली की काळा डाग राहतो आणि उन्हाने तो गडद होतो. तीन महिन्यांनी या. एवढंच. पाच-सहा मिनिटं लागली असतील. चौथ्या महिन्यात माझ्या ऑफिसातल्या एकाने विचारलं, जिम लावलीस का? त्याला फरक कळला होता, कशात ते कळलं नव्हतं.

रेणू दोन्ही वेळेला तोच. पहिल्या वेळी मला ट्यूब मिळाली, दुसऱ्या वेळी औषध.

मी पुढे जे लिहिणार आहे ते मात्र माझ्याबद्दल नाही, माझ्या चुलत बहिणीबद्दल आहे, आणि तिला विचारून लिहितोय. काकांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी बहिणीला बघायला येणार असं ठरलं, आणि तिच्या गालांवर मुरमांचे जुने डाग. काकू गावातल्या मेडिकलमध्ये गेली. मेडिकलवाल्याने ड्रॉवरमधून एक ट्यूब काढून दिली. चिठ्ठी मागितली नाही, कुणीच मागत नाही. "रोज रात्री लावायला सांगा, पंधरा दिवसांत बघा."

पंधरा दिवसांत खरंच बघण्यासारखं झालं. डाग फिके, मुरूम गायब, चेहरा काचेसारखा. पाहुणे आले, पसंती आली. माझ्या दहा वर्षांच्या आणि तीन महिन्यांच्या कहाण्यांना घरात काय भाव मिळाला असेल, याची कल्पना करा. काकू मला म्हणाली, "तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांपेक्षा आमचा मेडिकलवाला बरा."

त्या ट्यूबवर तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. पहिलं त्वचेचा रंग फिका करतं. दुसरं माझ्याच औषधाचं भावंडं. तिसरं स्टिरॉइड. हे मिश्रण वांगावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या काळासाठी वापरायचं असतं. स्टिरॉइड सगळी आग, लाली, सूज दाबून टाकतं, म्हणून पंधरा दिवसांत चमत्कार दिसतो. महिनोन्‌महिने लावलं की तेच कातडी पातळ करतं, बारीक रक्तवाहिन्या वर दिसायला लागतात, लव वाढते, मुरमांसारखे पुरळ येतात. आणि बंद केलं की चेहरा पेटतो. म्हणून माणूस पुन्हा लावतो. व्यसनाची व्याख्या यापेक्षा वेगळी काय असते?

बहिणीने ती ट्यूब लग्नाआधी पाच महिने आणि लग्नानंतर चार महिने लावली. मार्चमध्ये तिला गॅससमोर उभं राहणं अशक्य झालं, चेहरा भाजल्यासारखा लाल. सांगलीला डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ट्यूब पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "पाळी शेवटची कधी आली होती?" गरोदरपणात रेटिनॉइड लावू नये, दिवस राहावेत असं ठरवलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारून बंद करावं, हा साधा नियम आहे. या कुळातलं पोटात घ्यायचं औषध, आयसोट्रेटिनॉइन, गर्भाला भयंकर घातक ठरतं. मलमातून रक्तात फार थोडं जातं, तरी ती जोखीम विनाकारण कुणी घेत नाही. लग्नासाठी म्हणून दिलेली ट्यूब, आणि लग्नानंतर काय होऊ शकतं याचा विचार नऊ महिन्यांत एकाही माणसाच्या डोक्यात आला नाही. सुदैवाने तसं काही नव्हतं.

आता मेडिकलवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. कायदाही आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना त्यासाठी कित्येक वर्षं ओरडत होती. वेष्टनावर लाल रेघ असते, 'आरएक्स' असतं. ती लाल रेघ आपल्याकडे सिग्नलच्या लाल दिव्याइतकीच पाळली जाते. पण मला जास्त राग येतो तो ट्यूबच्या आतल्या कागदाचा. मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत, इंग्रजीत. माझा काका दहावी पास आहे. बागेवर मारायच्या औषधाच्या डब्यात त्याला मराठीत कागद मिळतो. लिटरला किती, कुठला हातमोजा, फवारल्यानंतर किती दिवस माल तोडायचा नाही, सगळं. काका ते वाचतो, वहीत लिहून ठेवतो, एका मिलीची चूक करत नाही, कारण माल परत आला तर वर्ष गेलं. द्राक्षाच्या सालीवर काय लावायचं हे मराठीत सांगणं सरकारला जमलं. मुलीच्या कातडीवर काय लावायचं हे सांगायला भाषा कमी पडली का?

अमेरिकेने २०१६ मध्ये ०.१ टक्क्याचं ॲडापलीन चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. माझा एक मित्र हे नेहमी तोंडावर फेकतो: बघ, तिथे मोकळं केलंय, तुम्ही डॉक्टरांची दुकानं कशाला चालवता? त्याला मी एवढंच सांगतो की तिथे मोकळं करताना वेष्टनावरचा मजकूर वाचून सामान्य माणसाला ते नीट वापरता येतं की नाही, हे आधी तपासलं. शिवाय मोकळं केलं ते एकटं ॲडापलीन, स्टिरॉइडची भेळ नाही. आपल्याकडे दोन्हीकडचं वाईट तेवढं घेतलंय. कागदावर चिठ्ठी लागते म्हणून वेष्टनाने बोलायचं नाही, आणि प्रत्यक्षात चिठ्ठी लागत नाही म्हणून डॉक्टर बोलायला समोरच नाही.

'केमिकल'ची भीती घालणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे, पण त्यांच्या हातात नसलेलं एक शस्त्र मीच त्यांना देतो. मुरमांवर ट्रेटिनॉइन आणणारा डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन याने फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात दोन दशकांहून जास्त काळ कैद्यांच्या कातडीवर प्रयोग केले. त्यातले बरेचसे कृष्णवर्णीय होते, आपल्या अंगाला काय लावतात हे त्यांना धड सांगितलेलं नव्हतं, थोड्या डॉलरांसाठी ते तयार व्हायचे. १९७४ मध्ये ते थांबलं. शहराने माफी मागितली ती २०२२ मध्ये. माझ्या बहिणीच्या ट्यूबमधल्या त्रिकुटाचा मूळ नमुनाही, वेगळं स्टिरॉइड घातलेला, याच क्लिगमनने १९७५ मध्ये छापला. हे वाचलं त्या रात्री मी वाटाण्याएवढं जेल बोटावर घेऊन बराच वेळ बसलो होतो. मग लावलं. औषध काम करतं हे खरं आहे आणि ते कसं मिळवलं हेही खरं आहे. जायफळाने दोन्हीपैकी काहीच बदलत नाही. पण न सांगता दुसऱ्याच्या कातडीला काहीतरी फासणं जर गुन्हा होता, तर तासगावच्या ड्रॉवरमधून निघालेली ट्यूब कुठल्या खात्यात धरायची?

आणि डॉक्टरांनो, तुमची गर्दी मला दिसते. बाहेर चाळीस पेशंट असतात हे मान्य. तरी 'रात्री लावा' हा सल्ला नाही. निदान एक कागद मराठीत छापून घ्या, रिसेप्शनवरच्या मुलीला द्यायला सांगा. आठ ओळींचं काम आहे.

बहिणीचा चेहरा निवायला सात महिने लागले. मधे दोनदा तिला वाटलं की परत तीच ट्यूब लावावी, आणि त्या दोन्ही वेळा तिने रात्री साडेअकराला मला फोन केला. आता गालांवर लालसर छटा उरलीये, ऊन लागलं की वाढते. परवा पुन्हा फोन आला, या वेळी दुपारी, हळू आवाजात.

"दादा, सासूबाईंच्या कपाटात पण तीच ट्यूब आहे. सहा वर्षं लावतायत म्हणे, वांगासाठी. फेकून देऊ का?"

"फेकू नकोस. एकदम बंद केली तर तुझ्यासारखंच होईल. त्यांना तुझ्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि जाताना ट्यूब पर्समध्ये घे."

"काय सांगून नेऊ?"

ते अजून आम्हाला सुचलेलं नाही.