गोणी



भाताची झोडणी उरकली, वालही पेरून झाले. रात्री खळ्यावर जागायला सोबतीला गोणी असते. गोणी म्हणजे भाताची नव्हे, आमची कुत्री. आज तिच्यावरून थोडं लिहितोय. पिकाचं नाही, पण शेतीचंच आहे.

दिवाळीत कल्याणहून पुतण्या आला होता. त्यानं मोबाइलवर ईशान्येकडचा एक व्हिडिओ दाखवला. पोत्यात भरलेली कुत्री, नुसती डोकी बाहेर, तोंडं दोरीनं करकचून बांधलेली. मटणाच्या बाजारात चालली होती, वाटेत कुणीतरी सोडवली. पोराच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "काका, माणसं अशी कशी असतात?"

त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. नागालँड सरकारनं जुलै २०२० मध्ये कुत्र्याच्या मांसाच्या विक्रीवर बंदी घातली होती. व्यापारी कोर्टात गेले आणि जून २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठानं ती बंदी रद्द केली. तिकडं दक्षिण कोरियानं जानेवारी २०२४ मध्ये कायदा केला, २०२७ पासून हा धंदा तिथं पूर्ण बंद होणार. कुणी काय खावं हे मी सांगणार नाही. आपणही बोकड-कोंबडी खातो. पण मुक्या जनावराचं तोंड बांधून त्याला पोत्यात कोंबून शेकडो मैल न्यायचं, हे चूकच. आपल्या देशात १९६० पासून प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा आहे, त्यातही हे बसत नाही.

एवढं बोललो आणि गप्प झालो. कारण पोतं आमच्याही घरात होतं.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. घरची कुत्री व्याली की एखाद-दुसरा नर ठेवायचा आणि बाकीची पिल्लं गोणीत घालून लांब सोडून यायची, ही रीत. ते काम माझ्याकडं असायचं. ओढ्यापलीकडं जायचं, गोणी उलटी करायची आणि मागं न बघता पळत यायचं. कुत्री दोन-तीन दिवस घराभोवती हुंगत फिरायची. आम्ही कधी पिल्लं 'मारली' म्हटलं नाही, 'सोडली' म्हणायचो. पण डोळे न उघडलेलं पिल्लू ओढ्याकाठी सोडलं तर त्याचं काय होणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

तीन वर्षांपूर्वी पौषात म्हसोबाच्या जत्रेत बैल बघून परत येत होतो. रस्त्याच्या कडेला युरियाची गोणी हलताना दिसली. तोंड सुतळीनं बांधलेलं. आत पाच पिल्लं, पाचही माद्या. तीन गेलेली होती. दोन घरी आणली, त्यातली एक चार दिवसांनी गेली. उरली तिचं नाव पोरांनीच ठेवलं, गोणी.

सोडलेलं कुत्रं कुठं जातं तेही सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या वस्तीवर असंच एक बेवारस कुत्रं शेजाऱ्याच्या गाईला चावलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. काही आठवड्यांनी गाय लाळ गाळू लागली, चारा घेईना, हंबरणं वेगळंच. घशात काही अडकलं असेल म्हणून शेजाऱ्यानं हात घातला. गाय गेली आणि घरातल्या पाच माणसांना इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला. माणसं वाचली, पण ते दिवस त्या घरानं कसे काढले ते मी पाहिलंय. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात कधीच घालू नका.

दुसरी गोष्ट बिबट्याची. घाटावर अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तिथल्या बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. शहापूर-मुरबाडचं रान त्याच डोंगराच्या खाली आहे. वस्तीभोवती बेवारस कुत्री वाढवणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं. कुत्र्यासाठी आलेला बिबट्या शेळी बघूनही सोडत नाही.

शनिवार-रविवारच्या फार्महाऊसवाल्यांनाही सांगणं आहे. हौसेनं आणलेलं जातिवंत कुत्रं दोन वर्षांत जड होतं आणि मग गेटबाहेर राहतं. त्याला ना भाकरीची सवय, ना रानाची. गाव म्हणजे शहरातल्या कंटाळ्याचा उकिरडा नव्हे.

माझं म्हणणं एवढंच, कुत्र्यावरची माया खर्चाच्या वहीत दिसली पाहिजे. बैलाची पेंड लिहितो तशी कुत्र्याची लस लिहा. आमच्याकडं आता चार नियम आहेत.

१) पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढं दरवर्षी.

२) मादीचं नसबंदीचं ऑपरेशन. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते आणि वर्षात दोनदाही विऊ शकते. पिल्लं सोडायची नसतील तर ती होऊच न देणं हाच उपाय. गोणीचं ऑपरेशन केलं. राखणीत काडीचा फरक पडलेला नाही.

३) रात्री अंगणात साखळीला बांधायचं नाही. बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही. खळ्यावर माझ्यासोबत असते तेव्हा मोकळी, एरवी रात्री गोठ्यात, दार बंद.

४) कुणाला चावलं तर हळद-चुना नको. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही असंच समजा.

वसुबारसेला आपण गाय पुजतो. त्याच दिवशी आपल्याकडचे ठाकर, महादेव कोळी बांधव वाघबारस करतात, वाघाला नैवेद्य दाखवतात. गाय आणि वाघ यांच्या मधोमध रात्रभर उभं असतं ते कुत्रं. नेपाळात दिवाळीच्या दिवसांत त्यालाही टिळा लावून हार घालतात. आपण हार नाही घातला तरी चालेल, लस तरी टोचू या.

पुतण्या जाताना विचारत होता, त्या व्हिडिओवाल्या संस्थेला पाचशे रुपये पाठवू का? म्हटलं, खरी संस्था आहे का ते बघ आणि खुशाल पाठव. पण तुझ्या सोसायटीच्या गेटावरच्या कुत्रीला लस दिलीय का, तेही बघ. कुत्रं सोडवायला एक दिवस पुरतो. ते सांभाळायला दहा-बारा वर्षं लागतात.

यंदा कुणाच्या घरी कुत्री व्याली असेल तर गोणी शोधण्याआधी एकदा फोन करा. दोन पिल्लांना घर बघून द्यायची जबाबदारी माझी. लहानपणी किती सोडली ते आता मोजता येत नाही, पण फेड कुठून तरी सुरू करायला हवी.