तात्पर्याचे शेपूट

दिवाळी जवळ आली की संपादकांची पत्रे येतात : "मुलांसाठी छोटीशी गोष्ट द्या, आणि हो, तीत काही बोध असू द्या." कादंबरी मागताना बोधाची अट कोणी घालीत नाही. मुलांच्या गोष्टीला मात्र तात्पर्याचे शेपूट हवेच! लेखकही मग आधी शेपूट तयार करतो आणि त्याला शोभेलसा प्राणी मागाहून शोधतो. 'खोटे बोलू नये' हे ठरले, की एक खोटारडा बंडू व एक गुणी गोपाळ उभा करावयाचा. बंडूला मार बसणार हे पोर पहिल्या ओळीतच ओळखते. मग पुढे ऐकावयाचे कशासाठी?

माझे स्पष्ट म्हणणे असे, की बोध आधी ठरवून मुलांची गोष्ट लिहिताच येत नाही.

आपण सर्वांनी ऐकलेली पहिली गोष्ट आठवा. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो, आणि चिमणी आपल्या बाळाचे सारे आटोपेपर्यंत त्याला ताटकळत ठेवते. तात्पर्य काढू गेलात तर चिमणीच गुन्हेगार ठरेल! तरी मुले ती गोष्ट पुनःपुन्हा मागतात. कारण दार उघडणार की नाही, या प्रश्नाला त्यांचा जीव टांगलेला असतो.

विद्वान यावर पंचतंत्र पुढे करतील. जरूर करावे! तेथे मगरीच्या तावडीतून माकड सुटते ते काळीज झाडावर राहिल्याची थाप मारून. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यातला श्यामही पोहण्याच्या भीतीने लपून बसतो व आईचा मार खातो. तो गुणी गोपाळ नव्हे, म्हणूनच मुलांना आपला वाटतो.

मग गोष्ट लिहावी कशी? आधी लिहूच नये, सांगावी. आमच्या इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. 'तेथे एका कोल्ह्याने नदी ओलांडली' असे इथल्या पोरांना सांगून पाहा. लगेच विचारतील, "पावसाळ्यात की उन्हाळ्यात?" उन्हाळ्यात खडक उघडे पडतात, पावसाळ्यात पाणी नुसते गर्जत असते. पावसाळा म्हटला की कोल्ह्याला युक्ती हवी, आणि ती लेखकालाच सुचली पाहिजे. पोर "मग?" म्हणते तेथे गोष्ट जिवंत आहे. ते जांभई देते तेथली ओळ, कितीही गोंडस असो, कापून टाकावी. कागद त्यानंतर हाती घ्यावा.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. आमच्या किनवट तालुक्यात कितीतरी मुले घरी गोंडी, गोरमाटी किंवा तेलुगू बोलतात. पुस्तकी मराठी त्यांना आधीच परकी. तीही बोधाचा चाबूक घेऊन आली, तर ती मुले गोष्टीलाच नव्हे, मराठीलाच पाठ फिरवतील. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला फुरसुंगीचा केला. आमच्या पोरांनाही पैनगंगेकाठचा एखादा खोडकर नायक नको काय?

वाचकहो, फराळ झाल्यावर मुलांना एक गोष्ट सांगा. पण संपल्यावर "यावरून काय शिकलास?" असे विचारू नका. पुढे काय झाले, हे त्यांना विचारू द्या. आणि उत्तर तयार ठेवा!