आतली खोली कुठाय?



७ मे २०२५ ला देशभर युद्धाची रंगीत तालीम झाली. मुंबईत क्रॉस मैदानात कवायत झाली, ती मी मोबाईलवर पाहिली. म्हातारी शेजारी बसलेली. म्हणाली, "एकाहत्तरला खिडकीला काळा कागद चिकटवला व्हता. आता काय चिकटवायचं?"

म्हटलं, बघतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचना वाचल्या, परदेशातल्याही वाचल्या. सार एकच. अणुबॉम्ब पडो की विषारी वायू येवो, घरात आतल्या खोलीत जा, दारं-खिडक्या लावा, फटी बुजवा, पाणी साठवा, बाहेर पडू नका.

आतली खोली! परळला आमची खोली दहा बाय बारा, माणसं सहा. उंबरा ओलांडला की आत, चार पावलं टाकली की मागची खिडकी. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. फटी बुजवून सहाजण स्टो पेटवून बसलो तर शत्रूच्या गॅसची गरजच नाही, आपलाच पुरे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात घर होतं. खोली नव्हती.

यावर आपलाच एक कार्यकर्ता मित्र हसून म्हणतो, "सोड यार, हे पांढरपेशांचे चोचले. अणुबॉम्ब जात बघत नाही. पडला की सगळे सारखे. समता!"

मला ह्या वाक्याची चीड येते. साफ खोटं आहे ते. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळला कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकणारं. पहिल्यांदा मेले कोण? कारखान्यासमोरच्या झोपड्यांतले. लोक जीव घेऊन धावले आणि धावताना जास्तच वायू छातीत भरून घेतला. ओलं फडकं नाकातोंडाला लावा, वाऱ्याला आडवे निघा, एवढं कुणी वेळेवर सांगितलं असतं तर कितीक जगले असते. आणि गटारातला हायड्रोजन सल्फाइड? मॅनहोलमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं मरतातच. त्यात आडनावं कुणाची असतात ते मी सांगायला हवं का? म्हणे जात बघत नाही.

बीआयटीच्या चाळीसुद्धा अशाच एका हल्ल्यातून उभ्या राहिल्या. १८९६ ला मांडवीत प्लेग आला, १८९८ ला इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या ह्या चाळी. बाबासाहेब पोयबावडीच्या चाळीत ५०-५१ नंबरच्या खोल्यांत १९१२ ते १९३४ राहिले, अभ्यास तिथेच केला. त्या प्लेगात पालिकेला धास्ती होती की हलालखोर शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही. त्यांच्या जिवाची धास्ती नव्हे, मैल्याची! २०२० ला कोरोनातही सगळे घरात आणि झाडू रस्त्यावर. उद्या किरणोत्सारी राख पडली तर झाडायला कुणाला पाठवतील, सांगा.

म्हणून तयारी आपणच शिकायची. वायू जड असेल तर वरच्या मजल्यावर जायचं, तळघरात नाही. अणुबॉम्बचं उलट: जाड काँक्रीटखाली, तळघरात नाहीतर मोठ्या इमारतीच्या मधोमध. राखेचं किरण सात तासांत दहा टक्क्यांवर येतं, दोन दिवसांत एक टक्क्यावर. म्हणजे दोन दिवस जाड भिंतीआड काढता आले तर माणूस वाचू शकतो. दोन दिवस!

आता गिरणगावात नजर टाका. जाड काँक्रीट कुठाय? १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनीवर टॉवर आले. त्यांच्या पोटात मजलेच्या मजले पार्किंग. म्हणजे गाड्यांना आतली खोली आहे. उंच गच्ची त्यांची, तळघरही त्यांचं. वायू येवो की बॉम्ब, दोन्ही वाटा गेटच्या आत. ज्या जमिनीवर आपल्या बापजाद्यांनी पाळ्या केल्या, तिथं भोंगा वाजल्यावर दोन दिवस टेकायचा हक्क मागणं म्हणजे भीक नव्हे.

आम्ही चाळीतल्या चौदाजणांनी अर्ज लिहिलाय: नागरी संरक्षणाच्या यादीत प्रत्येक टॉवरचं तळघर आणि पार्किंग घाला, भोंगा झाला की गेट उघडं ठेवा, तिथे पाण्याच्या टाक्या आणि संडास आत्ताच बांधा, आणि राख झाडायला पाठवाल त्याला मास्क-सूट आधी द्या. एका टॉवरच्या सोसायटीला नेऊन दिला. वॉचमन आपल्याकडचाच निघाला. हळूच म्हणाला, "दादा, माझी पण खोली लिवा की यात."

लिहिली. अर्जाची स्टेन्सिल कापून ठेवलीय. लालबाग, दादर, गिरगाव, ज्याला हव्यात त्यानं प्रती घेऊन जा आणि आपल्या वॉर्डात द्या. पोच घ्यायला विसरू नका.

जयभीम.